कळलावीचं औषध

६ सप्टेंबर

कामाच्या वहीत मी "सुंदर" असा शब्द लिहिला म्हणून साहेबांनी आज त्यावर लाल रेघ मारली. "मापं लिहा, बाई. कौतुक घरी करा." तर घरी करते. ही वही त्यासाठीच काढली.

कौतुक असं की एकुलतीला फुलं आली! एकुलती म्हणजे काचघराच्या मागच्या कप्प्यातलं आमचं संकराचं झाड. तिची आई बाजारात मिळतो तो साधा टोमॅटो. बाप रानटी, डोंगरातल्या खडकांत उगवणारा. फळ वाटाण्याएवढं, पिकलं तरी हिरवंच, आणि चव अशी की बकरीसुद्धा तोंड फिरवेल. पण मर रोग त्याला शिवत नाही, आणि तोच रोग आज शेतंच्या शेतं आडवी करतोय. म्हणून हा सगळा घाट. सात वर्षं मी एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर नेऊन घालतेय. फळ धरायचं, पण आतलं बी जीव धरायच्या आतच मरायचं. शेवटी कोवळ्या बियांतून मुंगीच्या डोक्याएवढे गर्भ सुईनं काढले आणि काचेच्या नळ्यांत वाढवायला ठेवले. शेकडो काढले असतील. जगली ही एकटी.

फूल आईसारखं पिवळं आहे, पण पाकळ्या मागे मुरडायची ढब थेट बापाची. मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते. लाखो वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली दोन कुळं, आणि एकाच देठावर दोघांच्या सवयी.

९ सप्टेंबर

दैवानं दिलं आणि कर्मानं नेलं. परागकण रंगवून पाहिले. जिवंत कण लाल रंग पिऊन टच्च फुगतो, मेलेला कोरडाच राहतो. हिचे सगळे कोरडे. नुसती फोलपटं. फांद्या लावून हिला वर्षानुवर्षं जगवता येईल, पण बी नाही म्हणजे पुढची वाट नाही. रोगाला न जुमानणारा गुण या एका झाडात अडकून पडला.

मग अगदी बारीक कळ्या घेतल्या आणि आतला परागकोश काचेवर ठेचून मायक्रोस्कोपखाली धरला. परागकण व्हायच्या आधी पेशीतली गुणसूत्रं जोडीजोडीनं मध्यावर येऊन उभी राहतात, हे मी तेवीस वर्षं बघत आलेय. एक आईकडचं, एक बापाकडचं. इथे बारा हिच्याकडची, बारा त्याच्याकडची. तितकीच, जवळपास तशीच दिसणारी, तीच कामं करणारी. आणि कुणी कुणाला ओळखेना. चोवीसच्या चोवीस पेशीभर विखुरलेली, लग्नघर चुकलेल्या पाहुण्यांसारखी. दोन मात्र टोकाला टोक लावून कशीबशी उभी होती, पण तेही सुटायच्या बेतात होतं.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी अंगावर काटा आला. ओळख म्हणजे काय असते, ती इतक्या खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी ठरत असते, आणि मला ते दिसत होतं. हे मी कुणाला सांगू? माळीकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल बाई. नळी गळतेय तेवढी बघा."

१४ सप्टेंबर

साहेबांनी मुदत घातली. मार्चअखेर बी दाखवा, नाहीतर कप्पा काकडीवाल्यांना. साहेब वाईट नाहीत, पण काकडी म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो.

उपाय एकच. गुणसूत्रांची संख्या दुप्पट करायची. म्हणजे प्रत्येकाला त्याचंच दुसरं प्रतिरूप मिळेल. परक्याशी जमत नाही ना, मग घ्या, अगदी तुमच्यासारखाच जोडीदार. त्यासाठी जे औषध लावतात ते कळलावीच्या बियांतून निघतं.

हे रात्री जेवताना अहोआईंना सांगितलं आणि त्यांना घास लागायची वेळ आली. (अहोआई म्हणजे माझ्या सासूबाई. हे गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.)

"कळलावी? जी दोन घरांत काड्या घालते ती?"

"ती नव्हे हो अहोआई. वेल असते. लाल-पिवळ्या फुलांची."

"ठाऊक आहे गं. पण नाव काय उगाच पडलं? आणि तुम्ही शिकल्यासवरल्या बायका तिच्याकडून सोयरीक जमवून घेणार! करते काय तुझी ती कळलावी?"

मी सांगितलं. पेशी वाढताना आधी आतलं सगळं दुप्पट होतं, मग बारीक दोरे येतात आणि अर्धं इकडे, अर्धं तिकडे ओढून दोन पेशी करतात. औषध ते दोरेच तोडतं. मग दुप्पट झालेलं सगळं एकाच घरात राहतं.

"म्हणजे वाटणीच मोडली म्हण की," अहोआई म्हणाल्या. पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाल्या, "आज हिचा फोन होता. माझी खोली रंगवून झाली म्हणाली. नव्या वर्षात ये म्हणते."

ही म्हणजे वन्सं, माझी नणंद. आईनं आता लेकीकडे राहावं असं तिचं कधीपासून चाललंय. "तुला काय वाटतं?" असं अहोआईंनी विचारलं. मी म्हटलं, "तुमची मर्जी." मी अडवणारी कोण? हे होते तोवर नात्याला दोरी होती. आता पोटची लेक बोलावतेय, तर सुनेनं मध्ये का पडावं? त्यांना तिकडेच बरं वाटेल. अहोआईंनी भांडी मात्र आज जरा जास्तच आदळली. गुडघे दुखत असावेत.

२१ सप्टेंबर

हातमोजे घालून एकुलतीच्या पानांच्या बेचक्यांतल्या डोळ्यांवर, म्हणजे जिथून कोंब फुटतात तिथे, औषधात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले. जहाल औषध आहे. एक तर डोळा जळतो, नाहीतर काहीच होत नाही; मधलं क्वचित घडतं. माळीकाका म्हणाले, "दृष्ट काढल्यासारखं दिसतंय." दिसत होतं खरं.

१२ ऑक्टोबर

एक डोळा फुटला!

बाकीचे करपले किंवा होते तसेच वाढले. हा आधी कित्येक दिवस सुजल्यासारखा नुसता बसून होता. आज त्यातून जाडजूड पान निघालंय, वेडंवाकडं, काळपट हिरवं, कानाच्या पाळीसारखं मांसल. कुरूप म्हणावं असं. मला इतकं देखणं पान आजवर दिसलं नाही. पानाची साल मायक्रोस्कोपखाली धरली तर श्वास घ्यायची छिद्रं दुपटीच्या जवळ मोठी. म्हणजे आत मुक्काम दुप्पट माणसांचा आहे, घराची दारंच सांगतात.

खूण म्हणून फुटीला चिठ्ठी बांधायला गेले, पण देठ फार कोवळा आहे. जरा जून होऊ दे, मग बांधू.

३० ऑक्टोबर

फूट वीतभर झाली. टोकाशी कळ्यांचा बारीक झुबकासुद्धा दिसतोय.

दुपारी काचघरात असतानाच वन्संचा फोन. बराच वेळ चालला. आईची औषधं कोणती, आईला गादी कशी लागते, आईला जिना चढवतो का. मी एका हातात फोन धरून फेऱ्या मारत सगळं सांगत होते. "तू तरी किती दिवस करणार तिचं?" असं वन्सं म्हणाली. मी कधी कंटाळले असं म्हटलं होतं का हिला? "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हटलं. बोलता बोलता दुसऱ्या हातानं रांगेतल्या झाडांच्या बगलफुटी खुडत होते. टोमॅटोवाल्यांच्या हाताला ती खोडच असते. पानाच्या बेचक्यातला कोंब दिसला की नख लागतंच, नाहीतर झाड नुसतं माजतं. खुडलेलं जमिनीवर टाकलं तर रोग पसरतो, म्हणून खिशात. माझ्या कोटाचे खिसे अहोआईंनी शिवलेत, त्यांनी उभी हयात शिवणकामात काढली. त्यामुळे खिसे कोपरापर्यंत खोल. बाहेर पडल्यावर कचऱ्याच्या पेटीत रिकामे केले.

घरी हात धुताना साबणाचा फेस पिवळा-हिरवा. हे हात कधी गोरे व्हायचे नाहीत. कोट धुवायला टाकला.

३१ ऑक्टोबर

फूट नाही.

बेचक्यात नुसता खुंट. मी आधी माळीकाकांवर ओरडले. काचघरभर ऐकू गेलं असेल. ते बादली घेऊन निघून गेले. मग मी खुंट भिंगाखाली पाहिला. नखाची चंद्रकोर उमटलेली, डाव्या हाताची, आणि अंगठ्याच्या नखाला माझ्या खाच आहे ती खाचसुद्धा. फोन उजव्या हातात होता.

सात वर्षं. आणि ती मी स्वतःच्या नखानं, गादी कशी लागते ते सांगता सांगता खुडली. कचऱ्याची पेटी उपसली, पण काल संध्याकाळीच जाळून टाकलंय सगळं.

माळीकाकांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. माझ्या हातूनही झालं असतं." नसतं झालं. ते त्या कप्प्यात जीव मुठीत धरून वावरतात.

३ नोव्हेंबर

उरलेल्या डोळ्यांवर पुन्हा बोळे लावले. झाड दमलंय, पानं पिवळी पडायला लागलीत. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

घरी अहोआईंचं आवरणं चाललंय. मशीन न्यायचं की नाही यावर त्यांचं त्यांच्याशीच भांडण. "तिकडे जागा नाही मशीनला," म्हणाल्या. मी म्हटलं, "मग राहू दे इथे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू माझं आणखी काही बोलायचं राहिलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी पेल्यात कसलीशी काटकी घालून ठेवलीय. पाणी पिताना हाताशी पेला सापडेना म्हणून मी उगाच चिडले. "त्यातलं ओतू नकोस गं," म्हणाल्या. ओतलं नाही. हल्ली त्यांना काहीही टाकवत नाही.

९ नोव्हेंबर

बोळ्यांखालचे सगळे डोळे करपले. सांगायलाच हवं होतं, सांगितलं. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चहा घेता का?"

आता मार्चपर्यंत नव्यानं काही होणं शक्य नाही. काकडीवाला कप्प्याची मापं घेऊन गेला.

घरी आले तशी अहोआईंनी पानात वाढलं. त्या खिडकीपाशी पेल्यातलं पाणी बदलत होत्या. मी भिंतीकडे तोंड करून जेवले.

१४ नोव्हेंबर

सकाळी चहा गाळत होते आणि पेल्यावर ऊन पडलं. स्टीलचे पेले आता अहोआईंनी बांधून ठेवलेत, म्हणून काटकी काचेच्या पेल्यात आलेली. पाण्यात पांढरी, केसांसारखी मुळं. वर पान. जाड, वेडंवाकडं, काळपट हिरवं. कानाच्या पाळीसारखं.

मी चहा सांडला. "अहोआई, हे कुठलं?"

"तुझ्या खिशातलं. कोट धुवायच्या आधी खिसे बघते ना मी. तळाशी शिवणीत अडकलं होतं, पार मान टाकलेलं. जीव होता अजून, टाकवेना. का गं? कामाचं होतं?"

मी खाली बसले, फरशीवरच. हसत होते का रडत होते ते मलाही सांगता यायचं नाही. माझा हात जे खुडतो त्याला त्यांचा खिसा धरून ठेवतो, आणि वर्षानुवर्षं मी "खिसे किती खोल शिवता हो" म्हणून कुरकुर करत आले. पंधरा दिवस सात वर्षांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर पाणी पीत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून जेवत होते. पानाची साल काढून पाहिली. छिद्रं मोठी. तीच.

अहोआई म्हणाल्या, "शास्त्रीणबाई, उठा आता. फरशी गार आहे."

१७ डिसेंबर

पेल्यातली फूट काचघरात कुंडीत लावली होती, ते रोप माझ्या गुडघ्याला लागलं. देठाला चिठ्ठी बांधली. एक नव्हे, तीन. माळीकाकांनी वर घंटी बांधून दिली, गाईला बांधतात तशी. "नख लागलं की वाजेल," म्हणाले. म्हणजे माफ केलं त्यांनी.

अहोआई नव्या वर्षात, पहिल्याच रविवारी जाणार हे ठरलं. वन्सं गाडी घेऊन येणार आहे. आमचं संशोधन केंद्र तिच्या वाटेवरच आहे, तर तिथूनच घेते म्हणाली. अहोआई म्हणाल्या, "बरं झालं. तू दिवसभर काय बघत असतेस ते एकदा बघून तरी जाईन." मी म्हटलं, "जरूर या."

४ जानेवारी

आज सगळं एकदम झालं, कुठून लिहू?

सकाळी कळ्या घेतल्या. अहोआई बॅग आणि डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. वन्संला यायला वेळ होता. मी आत काचेवर परागकोश ठेवला, रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवून टिपकागदावरून अंगठ्यानं दाबलं. इथे अंगठा केसभर सरकला तरी सगळं वाया जातं. नाही सरकला. डोळा लावला.

आधी काही नाही. मग चाक फिरवता फिरवता एक पेशी स्वच्छ झाली.

अठ्ठेचाळीस गुणसूत्रं. विखुरलेलं एखादंच. बाकी सगळी जोडीजोडीनं मध्यावर येऊन, एका रेषेत उभी. जिथे परवापर्यंत गर्दीत हरवलेली पोरं होती तिथे आता शाळा भरल्यासारखी शिस्त. कुणी शिकवलं नाही, कुणी हाक मारली नाही. नखाएवढ्या कळीत, त्या कळीच्या कणभर भागात, ज्याला त्याला आपलं माणूस सापडलं होतं. मी किती लहान आहे आणि हे मला बघायला मिळतंय, असं काहीतरी वाटत होतं. नीट सांगता येत नाही.

मी धावतच दारात गेले आणि ओरडले, "अगं आई, लवकर ये! बघ, जोड्या जमल्या!"

ती बाकावरून उठली ती डबा तिथेच टाकून. चष्मा वर करून डोळा लावला.

"सगळी जोडीनं उभी आहेत गं."

"हो ना!"

"म्हणजे ही आणि तो एकमेकांना ओळखायला लागले?"

"नाही. हिच्याकडची हिच्यातल्यांशी, त्याच्याकडची त्याच्यातल्यांशी. पण पेशी एकच. झाड एकच."

"ज्याचं त्याचं निराळं, आणि घर एक," ती म्हणाली. "मग कुठं बिघडलं?"

"काही बिघडलं नाही. आता बी धरेल."

तिनं डोळा काढला. चष्मा पदरानं पुसत राहिली. "दारातून काय म्हणालीस मघाशी?"

"जोड्या जमल्या म्हटलं."

"त्याच्या आधी."

"आधी काय? लवकर ये म्हटलं."

"हं," ती म्हणाली.

परागकणसुद्धा पाहिले मग, उमललेल्या एका फुलातले. निम्म्याहून जास्त लाल, टच्च. ते मी रंगवत असतानाच वन्संची गाडी आली. मी बॅग उचलायला बाहेर गेले, तर आई गाडीच्या खिडकीपाशी वाकून बोलत होती. "बी धरेपर्यंत थांबते म्हणते मी. पेल्यातलं माझं आहे ते." वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही काड्या घातल्यात. मी खरंच काही बोलले नव्हते.

१२ मार्च

पहिलं फळ कापलं. लिंबाएवढं, पिवळट, दिसायला यथातथाच. साहेब, माळीकाका आणि कुंडीवर हक्क सांगायला आलेली आई, सगळे टेबलाभोवती. पहिल्या कप्प्यात पोकळ बिया. दुसऱ्यातही. तिसऱ्यात सुईला काहीतरी टणक लागलं. बाहेर काढलं, धुतलं, दाबून पाहिलं. भरीव. मग आणखी एक. मग आणखी.

ती एवढीशी चपटी बी तळव्यावर घेतली आणि पुन्हा तोच काटा अंगावर. यात खडकातला तो रानटी आहे, आणि मंडईतला टोमॅटोही आहे, आणि दोघांनाही जागा आहे. साहेबांनी बी चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि तसेच उभे राहिले. मापं घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. कामाच्या वहीत मीच लिहिली. काकडीवाल्याला दुसरा कप्पा मिळाला.

वन्संचा आताच फोन होऊन गेला. बी धरली ना, मग आता कधी पाठवतेस आईला, म्हणून. मी आईला विचारायला गेले, तर ती मशीन उघडून बसलेली. बांधलेले पेलेही सोडून फळीवर परत लावलेले.

"बी रुजायला नको का?" आई म्हणाली. "मग त्याला फुलं यायची. मग त्याची बी."

"अगं, असं तर हे कधी संपायचंच नाही."

"हो ना," म्हणाली.

वन्संला काय सांगू म्हणून विचारलं, तर म्हणे, सांग कळलावीचं औषध लागलंय म्हणून. झाडाला लागलंय ते वन्संला सांगून काय उपयोग, मला काही कळलं नाही. पण तिला हसू आवरत नव्हतं, म्हणून मीही हसले. आता ती माझा नवा कोट शिवतेय. खिसे आणखी बोटभर खोल ठेवू का, असं विचारत होती. मी म्हटलं, ठेव.